नरसिंहाचा मुखवटा आणि हिंसेचे दर्शन

तंजावर जिल्ह्यातील मेलट्टूर या गावी दरवर्षी नरसिंह जयंतीच्या सुमारास वरदराज पेरुमाळ मंदिरासमोर भागवत मेळ्याचे प्रयोग होतात. त्यांतील मेलट्टूर वेंकटराम शास्त्री यांचे ‘प्रह्लादचरित्रम्’ हे तेलुगू नाटक विशेष प्रसिद्ध आहे. नरसिंहाचा मुखवटा तेथे केवळ रंगभूषेचे साधन नाही. त्याची पूजा होते, आणि तो धारण करणारा नट उपवास करतो. हिरण्यकशिपूवर तो चालून जातो तेव्हा भोवतालची माणसे त्याला घट्ट धरून ठेवतात. न धरल्यास समोरच्या नटाला खरोखर इजा होईल, अशी तेथील श्रद्धा आहे.

ही परंपरा मराठी वाचकाला सर्वस्वी परकी नाही. नायक राजांनंतर १८५५ पर्यंत तंजावरच्या भोसले घराण्याने या प्रदेशातील नाट्यकलेला आश्रय दिला. शाहजीराजे (कारकीर्द १६८४–१७१२) यांनी स्वतः मराठीत आणि तेलुगूत नाटके रचली. त्या दरबारातील मराठी नाटकांची हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत.

हिंसेचे दर्शन हिंसेला जन्म देते काय, हा प्रश्न आज चित्रपट, दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ गेम यांच्या संदर्भात वारंवार विचारला जातो. मेलट्टूरचा प्रयोग या वादातील दोन्ही पक्षांना अडचणीत टाकतो. कलेच्या बाजूने बोलणारे साधारणीकरणाचा आधार घेतात: रंगभूमीवरील क्रोध कुणाचाच नसतो, म्हणून तो आस्वाद्य होतो. परंतु ज्या भरताने रौद्राला रसपद दिले, त्यानेच युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, असेही सांगितले. नटाला धरून ठेवणारे हातही अनुकरणाच्या सामर्थ्याचीच साक्ष देतात. निषेधवाद्यांना मात्र हे सांगावे लागेल की, धोका ओळखूनही परंपरेने तो प्रसंग वगळला नाही. तिने त्याभोवती तिथी, व्रत आणि माणसे उभी केली.

निषेधाचा मार्ग कोठे नेतो, याचे उदाहरण मराठी रंगभूमीवर आहे. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० मध्ये श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. माणिकच्या वस्त्रावरील रक्ताचा लाल डाग परिनिरीक्षकांना खटकला. तो निळा करण्यात आला, आणि निळा डाग लाल समजावा अशी सूचना प्रेक्षकांना देण्यात आली. डागाचा रंग बदलला, परंतु सख्ख्या भावांनी केलेले क्रौर्य तसेच राहिले. हिंसा समाजात कशी वाढते, हे तपासण्यासाठी तेंडुलकरांनी पुढे नेहरू शिष्यवृत्तीखाली अभ्यास केला. लेखकाला कारणांचा शोध घ्यावासा वाटला. मंडळाला डाग पुरेसा वाटला.

व्हिडिओ गेमची गोष्ट काहीशी वेगळी आहे, हे मान्य केले पाहिजे. तेथे पाहणारा आणि करणारा एकच असतो, आणि सहृदयाला लाभणारे अंतर त्याला सहजासहजी लाभत नाही. तरीही कार्यकारणसंबंध सिद्ध झाला आहे, असे म्हणता येत नाही. अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केला, तो असा पुरावा अपुरा ठरवूनच. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये हिंसक गेम आणि आरडाओरड, ढकलाढकली यांसारखे आक्रमक वर्तन यांच्यात अल्प संबंध मान्य केला. मात्र प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर गेमवर फोडण्यास पुरेसा आधार नाही, असे बजावले.

तेव्हा ‘दाखवावे की दाखवू नये’ एवढ्यावरच थांबणारी चर्चा अपुरी आहे. मेलट्टूरचा नट मुखवटा एकट्याने घालत नाही. त्याच्या क्रोधाची जबाबदारी सारे गाव उचलते. खोलीत एकट्याने खेळणाऱ्या मुलाच्या मागे असे कोण उभे आहे, हा प्रश्न बंदीने सुटत नाही, आणि कलास्वातंत्र्याच्या उद्घोषानेही सुटत नाही. त्याचे उत्तर घराला, शाळेला आणि समाजाला द्यावयाचे आहे. समीक्षेने निदान तो प्रश्न नीट मांडला पाहिजे.