नावाचा वाद आणि ताटाचा प्रसंग : ‘जोधा अकबर’च्या समीक्षेविषयी

मागच्या खेपेला आपण आनंदवर्धनाचा औचित्यविचार पाहिला. तेव्हा काही जणांनी विचारलं, हे नवव्या शतकातल्या काश्मिरी पंडिताचं शास्त्र आजच्या सिनेमाला लागू पडतं का? आम्ही म्हटलं, लावून बघू. उदाहरण लांबचं नको, इथलंच घेऊ.

इथलंच म्हणजे अगदी शब्दशः. आशुतोष गोवारीकरांचा ‘जोधा अकबर’ १५ फेब्रुवारी २००८ रोजी प्रदर्शित झाला. त्यातला आग्र्याचा किल्ला आग्र्यात नाही, तो आपल्या चौकजवळ उभा राहिला, नितीन चंद्रकांत देसाईंच्या एन. डी. स्टुडिओत. जग त्याला ‘कर्जतचा स्टुडिओ’ म्हणतं. तालुका खालापूर आहे, पण कर्जतला रेल्वे आहे ना, त्यामुळे नाव कर्जतचं. लाकूड, प्लास्टर, रंग यांनी अकबराचा दरबार इथे घडवला गेला. आणि याच खालापूर तालुक्यात, उंबरखिंडीत, २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी मुघलांच्या कारतलबखानाची कोंडी केली होती. ज्या मातीत मुघल फौजेला शस्त्रं ठेवावी लागली, तिथेच साडेतीनशे वर्षांनी मुघलांचं वैभव उभं राहिलं. आम्हांला यात विरोध दिसत नाही, गंमत दिसते. असो.

आता समीक्षेकडे येऊ. त्या वेळी या चित्रपटावर पुष्कळ लिहिलं गेलं. त्यात मुख्यतः दोन सूर होते. पहिला : हे खोटं आहे, जोधा अकबराची राणी नव्हतीच. दुसरा : हे देखणं आहे, पण फार लांब आहे.

पहिला सूर फक्त लिहिण्यापुरता राहिला नाही. राजपूत संघटनांनी विरोध केला, राजस्थानात चित्रपट लागू शकला नाही, काही राज्यांनी बंदी घातली आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. मुद्दा काय होता? १५६२ साली सांभर इथे अकबराने आमेरच्या राजा भारमलाच्या मुलीशी लग्न केलं, हे इतिहासाला ठाऊक आहे. तिची पदवी मरियम-उझ-झमानी. जहांगीर तिचाच मुलगा. पण ‘जोधा’ हे नाव समकालीन फारसी ग्रंथांत तिला दिलेलं नाही. जोधपूरची राजकन्या होती ती जहांगीरची बायको, शाहजहानची आई. पुढे कर्नल टॉडच्या लिखाणाने आणि लोकांच्या तोंडी हे नाव सासूला चिकटलं. हा आक्षेप बरोबरच आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला निर्मात्यांनी नावाबद्दल खुलासाही दिला आहे.

मग आम्ही विचारतो, नाव बदललं असतं तर चित्रपट खरा झाला असता का?

नसता झाला. कारण चित्रपटाने केलेला मोठा बदल नावाचा नाहीच. १५६२ मध्ये अकबर एकोणीस वर्षांचा होता आणि त्याची लग्नं आधीच झालेली होती. रुकय्या बेगम होती. बैरामखानाच्या मृत्यूनंतर त्याची विधवा सलीमा सुलतान हिच्याशीही त्याने लग्न केलं होतं. पडद्यावरच्या अकबराच्या आयुष्यात मात्र जणू दुसरी बेगम नाहीच. आख्खा जनाना पुसून तिथे एक नवरा-बायको ठेवले आहेत. यावर मोर्चा निघाला नाही. का निघाला नाही? कारण हा बदल आपल्या सगळ्यांच्या सोयीचा आहे. एका पुरुषाचं एका बाईवर प्रेम, हे आजच्या प्रेक्षकाला हवं असतं. नाव चुकलं की कुळाचा अपमान होतो. जनाना पुसला तर कुणाचाच होत नाही!

इथे आनंदवर्धन कामाला येतो. तो म्हणतो (हे शब्द आमचे, विचार त्याचा), जुन्या कथेत रसाला मारक असं काही आलं तर कवीने ते खुशाल सोडावं आणि रसाला पोषक असं नवं रचावं. जे घडलं ते नुसतं सांगणं हे कवीचं काम नाही, त्यासाठी इतिहास आहेच. या न्यायाने जनाना पुसण्याचा अधिकार गोवारीकरांना आहे. पण त्याचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. जे सोडलं आणि जे जोडलं, त्याने रस वाढला का? परवानगी मिळाली म्हणजे परीक्षा संपली असं नाही, तिथून ती सुरू होते.

तर परीक्षा घेऊ. चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग आमच्या मते ताटाचा. जोधा स्वतः मुदपाकखान्यात जाऊन स्वयंपाक करते. सगळे जेवायला बसतात. तेवढ्यात अकबराची दाई माहम अंगा म्हणते, बादशहाच्या आधी तिने स्वतः चाखून दाखवावं. भर दरबारी मंडळींसमोर नव्या सुनेवर विषाचा संशय! जोधा एकेक पदार्थ चाखते. आणि अकबर सांगतो, तिने चाखलं तेच ताट मला वाढा. बस. प्रेमाची कबुली नाही, गाणं नाही. सत्ता, संशय, उष्टं-खरकटं, सासर, धर्म हे सगळं एका ताटात आलं. उष्ट्याचा विचार आपल्या घरांतून किती खोल गेलेला आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांना तो बादशहा काय करतोय ते समजावून सांगावं लागत नाही. हा प्रसंग कुठल्या बखरीत नाही. तो रचलेला आहे, आणि उचित आहे.

याउलट सुजामलच्या पत्राचा गोंधळ बघा. माहम अंगा कारस्थान करते, अकबराचा गैरसमज होतो, जोधाची माहेरी रवानगी होते. हे संध्याकाळच्या मालिकेचं यंत्र आहे. ज्याने ताट मागून घेतलं, तो माणूस एवढ्या तेवढ्याने फसतो? स्वभावाशी हे जुळत नाही. समीक्षकांनी ‘लांबी’ म्हणून जी तक्रार केली ती खरं म्हणजे इथली आहे. साडेतीन तास ही लांबी वाईट नसते, आपल्याकडे रात्रभर चालणारी नाटकं लोकांनी पाहिली आहेत. प्रसंग उचित नसला की दहा मिनिटंही लांब वाटतात.

वैभवाबद्दलही तसंच. ‘डोळे दिपवतो, पण...’ असं वाक्य त्या काळी फार दिसे. म्हणजे वैभव हा जणू वर्ख, खाली मिठाई वेगळी. पण मुघल दरबारात वैभव हेच राज्य करण्याचं साधन होतं. बादशहा झरोक्यात दिसला पाहिजे, उंचावर दिसला पाहिजे, लोकांनी मान वर करून पाहिलं पाहिजे. देसाईंनी बांधलेल्या दरबारात माणसं लहान दिसतात, ती तशी दिसायलाच हवीत. अधमखानाला गच्चीवरून फेकतात आणि तो जिवंत राहिला म्हणून पुन्हा वर आणून फेकतात. इतिहासातली ती गोष्ट तिथे उंचीमुळेच अंगावर येते. निता लुल्लांच्या वेशभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देसाईंना त्याआधी चार वेळा मिळालेला होता. पण या कामाची समीक्षा ‘भव्य’ या एका विशेषणात उरकली गेली.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. चित्रपट सुचवतो की अकबर उदार झाला तो प्रेमामुळे. यात्रेकरूंवरचा कर १५६३ मध्ये गेला, जिझिया १५६४ मध्ये. या धोरणाला घराण्यांशी केलेले करार होते, मनसबी होत्या, राज्य टिकवण्याचा हिशेब होता. भारमलाचा नातू मानसिंह पुढे काबूल आणि बंगालचा कारभार पाहतो, तो काही आत्याच्या प्रेमामुळे नाही. पुन्हा उंबरखिंडीत चला. कारतलबखानाच्या फौजेत रायबागन होती, हिंदू सरदारीण, मुघलांच्या चाकरीतली. ‘शिवभारता’त ती खानाला चार शब्द सुनावते आणि शरण जायला सांगते. हिंदू बाई आणि मुघल सत्ता यांचं नातं शय्यागृहाबाहेरही होतं, घोड्यावरही होतं. राजकारणाचं प्रेमात रूपांतर केलं की ते गोड होतं, पण धोकाही असतो. उद्या कुणी म्हणेल, प्रेम आटलं की सहिष्णुताही संपली.

आता जरा आपल्याकडे. २००८ मध्ये मराठी वाचक राजपुतांना सांगत होता, ‘अहो, सिनेमा आहे, सिनेमासारखा बघा.’ २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आला, काशीबाई आणि मस्तानी ‘पिंगा’ नाचल्या, आणि पुण्यात निदर्शनं झाली. २०१९ मध्ये गोवारीकरांच्याच ‘पानिपत’वर सूरजमलच्या चित्रणासाठी जाट समाज चिडला. दर वेळी ज्याचं घराणं त्याचा इतिहास, बाकीच्यांचा सिनेमा. ‘पिंगा’वर आक्षेप घ्यायला हरकत नाही, आमचाही आहे. पण तो घराण्याच्या नावाने नको. दोघी सवती एकत्र नाचल्या की त्या प्रसंगातली काशीबाईची वेदना कुठे जाते, हे विचारा. हा प्रश्न काशीबाईला विचारता येतो, तसाच मरियम-उझ-झमानीलाही. चित्पावनालाही विचारता येतो आणि कछवाह्यालाही. घराण्याचा आक्षेप बंदी मागतो, औचित्याचा आक्षेप उत्तर मागतो.

२ ऑगस्ट २०२३ ला देसाई त्याच स्टुडिओत गेले. त्या दिवसांत त्यांच्यावर जे लेख आले त्यांत कर्जाचे आकडे पुष्कळ होते. त्यांनी उभ्या केलेल्या एखाद्या भिंतीचं, एखाद्या कमानीचं वर्णन शोधावं लागत होतं. इथल्या सुतारांनी, रंगाऱ्यांनी त्या कमानी बांधल्या, त्यांतले काही आज समोर बसलेले असतील. त्यांना आमची विनंती आहे. प्रश्नोत्तरांत तुम्ही बोला. आग्र्याचा लाल दगड प्लास्टरवर कसा आणला, हे आम्हांला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

पुढच्या खेपेला ‘मुघल-ए-आझम’. तिथे जोधाबाई झाल्या होत्या दुर्गा खोटे. नाव तेव्हाही तेच होतं, १९६० साली. तो चित्रपट पाहून या. हं, विचारा प्रश्न.