अवतार, आडनाव आणि रिकामी चौकट

'अवतार' या शब्दाशी आपला हिशेब जुना आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत ईश्वराचा अवतार नाकारलेला आहे आणि बुद्धाला विष्णूचा अवतार ठरविणेही नाकारलेले आहे. हाच शब्द तीस वर्षांनी अमेरिकेतून नवा वेष घेऊन आला. १९८६ साली लुकासफिल्म कंपनीच्या 'हॅबिटॅट' या संगणकीय खेळात खेळणाऱ्याच्या पडद्यावरील प्रतिमेला 'अवतार' म्हटले गेले. तेथे नवे डोकेसुद्धा विकत मिळे. आज इंटरनेटवरील चर्चेत शिरताना माणूस जे चित्र लावतो, त्यालाही अवतारच म्हणतात.

या सोयीचे गोडवे गाणारे म्हणतात : येथे देह नाही, म्हणून वर्ण नाही, लिंग नाही, जात नाही, हवा तो चेहरा घ्या आणि बोला. हा दावा तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम वर्ण घेऊ. संदेशांतील छोट्या चेहऱ्यांचा पिवळा रंग कोणाचाच नाही, असे सांगितले जाई. पण त्या पिवळ्यात आपण नाही, असे म्हणणारे उभे राहिले आणि २०१५ साली युनिकोडला त्वचेच्या पाच छटा द्याव्या लागल्या. त्यांचा आधार कोणता? ऊन लागल्यावर कातडी कशी भाजते, हे मोजणारी एका त्वचारोगतज्ज्ञाची पट्टी! त्याच वर्षी फेसबुकच्या 'मित्र' या चिन्हात पुरुषाच्या मागे उभी असलेली बाई तेथल्याच एका स्त्री-चित्रकर्तीने पुढे आणली. तोवर ती मागे आहे, हे किती जणांना खटकले होते? तात्पर्य, निर्विकार म्हणून दिलेली चौकट कोणाच्या तरी मापाने बेतलेली असते.

आपल्याकडे जात कातडीपेक्षा आडनावात वाचली जाते. नावाची चौकट भरा, आडनावाची चौकट भरा, असे यंत्र सांगते. आणि त्या दुसऱ्या चौकटीत गाव, वाडा, वेस सगळे येऊन बसते. २०१४ साली फेसबुकने 'खऱ्या नावा'चा आग्रह धरला, तेव्हा अमेरिकेतील मूळनिवासींची पिढीजात नावे खोटी ठरविली गेली. खरे नाव कोणते, हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हाच मूळ प्रश्न आहे.

आता माझीच चूक सांगतो. माझी एक विद्यार्थिनी एका साहित्यविषयक चर्चामंडळात आडनावाशिवाय लिहीत असे. चित्राच्या जागी निवडुंगाचे फूल. तिच्या कवितासमीक्षेला तेथे मोठा मान होता. मी तिला रागावलो. म्हटले, "बाई, बाबासाहेबांच्या लेकीने तोंड लपवायचे?" तिने काही न बोलता आडनाव लावले आणि फुलाच्या जागी बाबासाहेबांचे छायाचित्र ठेवले. समीक्षा तीच, भाषा तीच, लिहिणारा हातही तोच. पण आठवडाभरात तिच्या लेखनात 'आक्रस्ताळेपणा' दिसू लागला. कोणी गुणांची टक्केवारी विचारली, कोणी सवलतीचा उल्लेख केला. दोन महिन्यांनी तिने लिहिणे थांबविले. मला फक्त एवढेच म्हणाली, "सर, फुलाचं कुणी आडनाव विचारत नव्हतं."

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. जात 'चोरावी' लागते, या शब्दातच सारी व्यवस्था उघडी पडते. आपल्याच देहावरील गोष्ट झाकणारा चोर कसा ठरतो? जो ती झाकायला भाग पाडतो, तो साव कसा? साठ वर्षांनंतर खोली शोधणारा भाडेकरू गेला आणि चर्चेत जागा शोधणारी मुलगी आली. प्रश्न तोच राहिला. मी मात्र तिच्याकडून हुतात्म्याचे धैर्य मागितले, आणि त्या मंडळाकडून साधे सौजन्यही मागितले नाही.

आपल्या चळवळीलाही येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण सारे चित्र बदलतो, निळे होतो. ही अस्मिता खोटी नाही. ज्यांना आरशात स्वतःला पाहण्याची लाज शिकविली गेली, त्यांनी आपला चेहरा आपण निवडणे ही मोठी घटना आहे. पण चित्र बदलणे सोपे असते. ज्या दिवशी आपल्या एखाद्या मुलीवर त्या निळ्या चित्रामुळे चिखल उडतो, त्या दिवशी तिच्या बाजूने लिहायला आपल्यापैकी किती जण येतात? त्या वेळी मी स्वतःही आलो नव्हतो.

म्हणून मी आता कोणालाही आडनाव लावा अगर लपवा, असे सांगत नाही. तो निर्णय ज्याचा त्याचा. पण जेथे फुलाला मान मिळतो आणि माणसाला मिळत नाही, ते चर्चामंडळ जातिमुक्त आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला तेथल्या तेथे उत्तर देणे हे मात्र आपणा सर्वांचे काम आहे. ती मुलगी पुन्हा लिहील तेव्हा तिने कोणतेही चित्र लावावे. मी तेथे माझ्या पूर्ण नावानिशी हजर असेन.