मृतांचें मौन

प्रियजनाच्या मृत्यूनंतर त्याच्याशीं असलेलें नातें तोडावें कीं जपावें, या प्रश्नाचें पाश्चात्त्य मानसशास्त्राचें उत्तर गेल्या शतकांत पालटलें. शोकाचें कार्य म्हणजे गेलेल्यापासून मन हळूहळू सोडवून घेणें, असें फ्रॉइडनें १९१७ सालच्या आपल्या निबंधांत प्रतिपादिलें. उलट, तें नातें रूप बदलून टिकतें व त्यांत कांहीं विकृति नाहीं, हा पक्ष १९९६ सालीं क्लास, सिल्व्हरमन व निकमन यांच्या ग्रंथानें पुढें आणला. वर्षश्राद्ध पाळणाऱ्या आपल्या घरांस हा विचार नवा वाटूं नये. प्रश्न उरतो तो साधनाचा. आणि साधन आलें कीं त्याच्या रचनेची परीक्षाहि आली.

जपानांतील ओत्सुची गांवीं इतारु सासाकी यांनीं २०१० सालीं एक आप्त वारल्यावर आपल्या बागेंत पांढरा टेलिफोन-बूथ उभारला. आंत तबकडीचा काळा टेलिफोन आहे. त्याची तार कोठेंच जोडलेली नाहीं. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनें त्या गांवचीं हजारावर माणसें नेलीं, आणि मागें राहिलेले लोक येथें येऊन आपल्या माणसांशीं बोलूं लागले.

दुसरी कृति कोरियाची. तेथील एम्.बी.सी. वाहिनीनें २०२० सालीं दाखविलेल्या माहितीपटांत एक आई डोळ्यांवर यंत्र चढवून आपल्या वारलेल्या लहान मुलीची संगणकानें घडविलेली प्रतिमा पाहते. मुलगी धांवत येते, बोलते. आईचे हात पुढें होतात, पण जवळ घ्यावयास तेथें कांहींच नसतें.

त्या आईस समाधान लाभलें असल्यास त्यावर टीका करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु कृति या दृष्टीनें पाहतां तिच्यांत मोठा दोष आहे. मुलीच्या तोंडचे शब्द मुलीचे नव्हेत. ते दुसऱ्यांनीं रचलेले आहेत. मृताच्या पत्रांवरून त्याच्या धर्तीचीं उत्तरें जुळविणारीं आजचीं यंत्रें हाच दोष वाढवितात. आईनें कधीं न लिहिलेलें वाक्य आईच्या नांवानें मुलाच्या हातीं पडलें, तर कालांतरानें खरी आठवण कोणती हें त्यास तरी कसें कळावें ?

न जोडलेल्या टेलिफोनशीं बोलणें हीहि आत्मवंचनाच, असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. पलीकडे कोणी नाहीं हें ठाऊक असूनच माणूस तेथें रिसीव्हर उचलतो. फसवणूक होत नाहीं, आणि मनांतलें बोलावयास जागा मात्र मिळते. जिवंतांस बोलूं द्यावें आणि मृतांचें मौन मोडूं नये, ही मर्यादा साध्या टेलिफोननें पाळली आहे. म्हणूनच आम्ही त्यास श्रेष्ठ मानतों.