‘अवघड आहे’ म्हणजे ‘नाही’? हॉफस्टीडचे आकडे वाचताना

गेल्या वर्षी आमच्या लॅबचं एका जपानी कंपनीबरोबर काम सुरू झालं. पहिल्या मीटिंगआधी तयारी म्हणून मी परदेशातल्या व्यवसाय-शिष्टाचारावरच्या स्लाइड्स वाचून काढल्या. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या, आणि जपानी माणूस ‘अवघड आहे’ म्हणाला तर ते ‘नाही’ समजा. मीटिंगमध्ये त्यांचे इंजिनीअर म्हणाले, ‘एवढी पातळ फिल्म अवघड आहे.’ मी शहाण्यासारखा विषय सोडून दिला. तीन आठवड्यांनी कळलं, की ते आमच्याकडून सुधारित मापांची वाट बघत होते!

चूक माझीच. पण त्या स्लाइड्सच्या तळाशी ज्यांचं नाव होतं, त्या गेर्ट हॉफस्टीड यांचं काम मग मी नीट वाचायला घेतलं. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तपासून बघावं असं मला वाटतं.

हॉफस्टीड डच अभ्यासक. 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या 1,16,000 हून अधिक प्रश्नावल्यांवर त्यांचं ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ हे 1980 चं पुस्तक उभं आहे. सत्तेतलं अंतर, अनिश्चितता टाळणं, व्यक्तिवाद आणि पुरुषप्रधान मूल्यं अशा चार मापांवर त्यांनी देशांना गुण दिले.

आधी श्रेय देऊ. ‘जपानी असे, अमेरिकन तसे’ या गप्पांच्या जागी त्यांनी खोडून काढता येतील असे आकडे ठेवले. शिवाय कंपनी एकच आणि कामं सारखी, त्यामुळे उरलेला फरक देशाचा, हा युक्तिवाद आपल्या ‘कंट्रोल’सारखाच आहे.

आता अडचणी. एकूण आकडा डोळे दिपवतो, पण तो देशांमध्ये वाटला की काय उरतं? ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी 2002 मध्ये दाखवलं, की पाकिस्तानातून पहिल्या फेरीत 37 आणि दुसऱ्या फेरीत 70 प्रश्नावल्या होत्या. हॉफस्टीड यांचं उत्तर असं, की गट एकसारखा असेल तर थोडे नमुनेही पुरतात. हे मला अर्धंच पटतं. आयबीएमच्या दोन ऑफिसांतला फरक त्यातून दिसेल. दोन देशांमधला तोच असेल कशावरून?

दुसरं म्हणजे, प्रश्न काम, साहेब आणि नोकरीकडून अपेक्षा यांबद्दलचे होते. कार्ड कसं द्यावं, नकार कसा द्यावा, हे त्यांतून थेट निघत नाही. गंमत बघा: व्यक्तिवादाच्या मापावर भारत 48, जपान 46. अनिश्चितता टाळण्यात मात्र भारत 40, जपान 92. कुठला आकडा माझ्या मीटिंगला लावायचा?

सगळ्यात मोठी चूक तिसरी, आणि ती वाचकांची. हे गुण देशाचे आहेत, माणसाचे नाहीत, असं हॉफस्टीड स्वतःच बजावतात. गटाच्या सरासरीवरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्याला ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ म्हणतात. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये याचं झकास उदाहरण दिलं. अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसते (सहसंबंध सुमारे −0.53). पण व्यक्तींच्या पातळीवर बघितलं तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता थोडी जास्त (+0.12)! कारण साधं होतं: स्थलांतरित जिथे वसले, तिथे स्थानिक लोक जास्त साक्षर होते. आकडे तेच, पातळी बदलली आणि चिन्हच उलटलं.

म्हणून कुठलाही गाजलेला निष्कर्ष हातात आला की तीन प्रश्न विचारा: कुणाला विचारलं? काय विचारलं? आणि निष्कर्ष कुठल्या पातळीवरचा आहे?

मग शिष्टाचाराच्या याद्या फेकून द्यायच्या का? नाही. त्या गृहीतकासारख्या वापरा आणि चुकलो तर किती महागात पडेल ते बघा. कार्ड उगाच दोन्ही हातांनी दिलं तर काही बिघडत नाही. ‘अवघड’चा अर्थ मनानेच लावला, तर तीन आठवडे जातात. मी आता सरळ विचारतो, ‘नेमकं काय अवघड आहे, आणि आमच्याकडून काय बदललं तर जमेल?’ त्या इंजिनीअरनी यावर दीड पानाचं उत्तर पाठवलं, आकृतीसकट.