दोन इंचांचा मावळा आणि पहिलं बक्षीस

हदगावात शनिवारी संध्याकाळी मूर्तीच्या रंगकामावर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. पण निम्मी मंडळी शिक्षक आहेत, काही पालक आहेत, आणि मागे बसलेल्या लेकरांनी गेल्या दिवाळीत किल्ले केलेले आहेत. म्हणजे विषय घरचाच आहे.

लघुचित्र म्हटलं की आपल्याला दख्खनी किंवा पहाडी चित्रं आठवतात. मी त्याबद्दल बोलत नाही. मी बोलतोय बोटभर पुतळ्याबद्दल. किल्ल्यावरचा मावळा, पोळ्याचा मातीचा बैल, महालक्ष्म्यांपुढच्या देखाव्यातली बाहुली. यांना रंग देणं ही कला आहे, आणि आता तिच्या स्पर्धा होतात. बाहेरच्या देशांत तर फार मोठ्या होतात. इंग्लंडमधली गेम्स वर्कशॉप ही खेळातले पुतळे विकणारी कंपनी 1987 पासून ‘गोल्डन डेमन’ नावाची स्पर्धा घेते. पुतळा साधारण इंच-सव्वा इंचाचा. प्रत्येक गटात सुवर्ण, रौप्य, कांस्य. आणि सगळ्यांत जो सरस ठरेल त्याला बक्षीस काय? खरोखरची, पूर्ण मापाची तलवार! इंचभर पुतळ्याला हातभर तलवार. मला हे वाचून हसू आलं होतं, पण आपल्याकडं तरी काय, वीतभर किल्ल्याला दोन फुटी करंडक देतोच की.

तिकडच्या रंगकामात एक गोष्ट फार मानाची समजली जाते. चिलखत, तलवार असं धातूचं काही असेल तर चंदेरी-सोनेरी रंग वापरायचाच नाही. साधा राखाडी, पांढरा, तपकिरी, निळसर घ्यायचा आणि पातळ थरांवर थर देत चकाकी ‘रंगवायची’. कल्पना जुनी आहे. इटलीतल्या अल्बर्टीनं पंधराव्या शतकातच चित्रकारांना सांगितलं होतं की सोनं सोन्यानं नव्हे, रंगानं दाखवा. आपल्याकडं तंजावरच्या चित्रांत खरा सोन्याचा वर्ख लावतात, आणि राजा रविवर्म्यानं दागिने तैलरंगातच चमकवले. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण स्पर्धेत काय होतं, की जी रीत अवघड ती श्रेष्ठ, असं परीक्षकाच्या मनात बसतं. मग सगळे तीच करायला लागतात. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर कोणता पुतळा कुणाचा, हे ओळखता येत नाही. सगळ्या तलवारींवर उजेडाची तीच रेघ, तिथंच.

आता आपल्याकडं या. किल्ल्यांच्या स्पर्धा मूळ पुणे-सातारा-कोल्हापूरकडच्या. आपल्याकडं मंडळांनी, शाळांनी आणल्या. त्यात वाईट काही नाही. परीक्षक म्हणून मीही बऱ्याच फिरलोय. गुणपत्रिका ठरलेली: रचना, माहिती, स्वच्छता, रंगकाम, प्रमाणबद्धता. या शेवटच्या शब्दाजवळ जरा थांबू.

दोन इंचांचा, म्हणजे साधारण 54 मिलिमीटरचा मावळा घ्या. माणूस साडेपाच-पावणेसहा फुटांचा धरला तर हा त्याचा बत्तिसावा भाग. म्हणजे तीस फुटांचा तट त्याच प्रमाणात सव्वाअकरा इंच उंच हवा. आपल्या लेकरांचा तट किती असतो? वीतभर सुद्धा नाही. परीक्षक लगेच लिहितो, ‘प्रमाण चुकले’. मीही लिहिलंय. आणि महाराजांची मूर्ती मावळ्यांच्या दुप्पट? तिथंही लाल शाई. अहो, पण अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणी शेजारच्या सगळ्यांपेक्षा मोठा काढलाय ना! त्या चित्रकाराला मोजता येत नव्हतं का? जो महत्त्वाचा तो मोठा, ही सुद्धा एक रीत आहे. लेकराला ती कुणी शिकवलेली नसते, त्याच्या हातात येते. तेव्हा चूक कोणती आणि रीत कोणती, हे त्या लेकराला विचारल्याशिवाय ठरवू नये.

एक प्रसंग सांगतो. गावाचं आणि शाळेचं नाव घेत नाही. आठवीतल्या एका मुलीनं किल्ल्यावरची सगळी माणसं स्वतः केली होती, शेतातल्या काळ्या मातीची. आपल्याकडं दिवाळीत शेणाच्या गवळणी घालतात, तशाच घडणीची. डोक्यावर गवताचा भारा घेऊन दरवाजाकडं चढणारी बाई, पाठीमागं लेकरू. लुगड्याच्या निऱ्या केरसुणीच्या काडीनं रंगवलेल्या, दोन तपकिरी रंगांत, एक घडीच्या आतला आणि एक वरचा. माती नीट वाळली नव्हती, खाली पांढरा हात दिला नव्हता, म्हणून पोस्टर कलर दोन ठिकाणी पोपडा धरून उडाला होता. शेजारच्या किल्ल्यावर बाजारातला प्लास्टरचा संच. गुलाबी चेहरे, डोळ्यांना दोन ठिपके, मिशीचा एक फटकारा, वरून वॉर्निश. झकास दिसत होतं. रंगकामाला मी त्याला दहापैकी नऊ दिले आणि तिला पाच. त्याचा पहिला नंबर, तिचा तिसरा. पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच शाळेत गेलो. तिनं बाजारातले मावळे आणले होते. या वेळी तिला दुसरा नंबर मिळाला. फार खुश होती पोरगी.

माझं म्हणणं असं की मी कलेला गुण दिले नाहीत, दुकानाला दिले. आणि हा दोष एकट्या माझ्या नजरेचा नाही, पहिला-दुसरा-तिसरा या पद्धतीचाही आहे. या पद्धतीत प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूशी ताडली जाते. शेजारी काय ठेवलंय, यावर तुमचं मोल ठरतं. बाहेर ऐतिहासिक पुतळ्यांच्या बऱ्याच प्रदर्शनांत दुसरी पद्धत चालते. तिथं प्रत्येक काम एका ठरलेल्या कसोटीला लावतात. त्या कसोटीला दहा जण उतरले तर दहा सुवर्ण. कुणीच उतरलं नाही तर एकही नाही. परीक्षकाला मग ‘हिच्यापेक्षा तो बरा’ म्हणून सुटता येत नाही, हिच्या कामात काय आहे ते बघावंच लागतं.

तुम्ही म्हणाल, ही तर आपली एलिमेंटरी-इंटरमिजिएट! बरोबर. कला संचालनालयाच्या या परीक्षांत अ, ब, क श्रेणी असतात, नंबर नसतो. पण तिथंही फार हुरळू नका. इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला दहावीत 7 गुण, ब ला 5, क ला 3 मिळायला लागले, आणि पालक वहीऐवजी टक्केवारी बघायला लागले. मला फोन येतात, “सर, सातच्या सात मिळतील ना?” पोरगं काय काढतंय, हे कुणी विचारत नाही. श्रेणीच्या मागं दुसरं काही बांधलं की ती नंबरासारखीच वागते.

बक्षीस नाकारता येतं, हेही सांगून ठेवतो. अमृता शेरगिल यांनी 1935 मध्ये सिमल्याच्या कलासंस्थेचं बक्षीस परत केलं, कारण त्याच प्रदर्शनात त्यांची दुसरी चित्रं नाकारली होती. त्यांना हे परवडलं. आठवीतल्या मुलीला नाही परवडत.

भोकर-भैंसा ओलांडलं की निर्मळ. तिथले खेळणी करणारे कारागीर हलक्या लाकडावर चिंचोक्याची खळ आणि भुसा यांचा लेप देऊन, घासून, मग रंग चढवतात. माझ्या त्या मुलीच्या बाईला एवढाच एक लेप हवा होता. हे तिला सांगायला मला पाच मिनिटं लागली असती. गुणपत्रिकेत त्याला रकाना नव्हता.

म्हणून यंदा मंडळाच्या लोकांना मी दोनच गोष्टी सुचवल्यात. विकत आणलेली मूर्ती आणि घरी केलेली मूर्ती एका गटात ठेवायची नाही. आणि परीक्षकानं प्रत्येक किल्ल्यापाशी बसून, पोराशी बोलून, दोन ओळी लिहून द्यायच्या. एका किल्ल्याला दहा मिनिटं. चाळीस किल्ले असतील तर पावणेसात तास. अध्यक्ष म्हणाले, “सर, जेवणाचं काय?” मी म्हटलं, डबा आणतो.

हं, विचारा. मागे कुणीतरी हात वर केलाय.