गोड्या पाण्याचा हिशेब

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनचं 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन' हे १९६९ सालचं पुस्तक बहुतेक जण वादळांसाठी वाचतात. मी ते गोड्या पाण्यासाठी वाचतो.

१४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडमधल्या फालमाउथहून एकटा निघाला आणि एकाही बंदराला न लागता, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. असं करणारा तो पहिलाच. त्याची 'सुहैली' अवघी ३२ फुटी, मुंबईत कुलाब्याला सागवानात घडवलेली. एवढ्याशा होडीत पाणी भरणार किती? दिवसाला ३ लिटर धरले तरी १० महिन्यांना ९०० लिटर, म्हणजे जवळजवळ टनभर ओझं. तेव्हा उरलेली भिस्त पावसावरच.

दक्षिण महासागरात एका लाटेनं सुहैली आडवी होते. पुढे कळतं, की टाक्यांतलं पाणी नासलंय. सगळं टाक्यांतच असतं तर खेळ तिथेच संपला असता. पण थोडं पाणी वेगळ्या कॅनमध्ये असतं. दुसऱ्या कुणी इथे तहानेवर पानंच्या पानं लिहिली असती. व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून वाढलेला हा गडी मात्र आकडेमोडीला बसतो. उरलं किती, रोज लागतं किती, ऑस्ट्रेलिया किती लांब, वाटेत पाऊस किती मिळेल? भीती या बेरीज-वजाबाकीत मुरलेली असते. ती शोधत वाचण्यातच खरी गंमत.

पाऊस धरणं हीसुद्धा एक कलाच. शिडाखालच्या बूमचं मागचं टोक दोरीनं उचलायचं, की शिडावरचं पाणी डोलकाठीकडे वाहत येतं. पागोळीखाली घागर लावावी, तशी तिथे बादली टांगायची. पहिली सर फुकट घालवायची, कारण शिडावर मीठ साचलेलं असतं. मग बोट बुडवून चाखायचं आणि गोडं लागलं की भरायला घ्यायचं. दक्षिणेकडे पाऊस येतो तो वाऱ्याबरोबर, लाटांचे तुषार घेऊन. बादली भरते, पण मचूळ. विषुववृत्ताजवळच्या निवांत पट्ट्यात सरी धो-धो आणि स्वच्छ, पण तिथे वारा पडलेला. होडी पळते तेव्हा पाणी खारावतं आणि पाणी गोडं मिळतं तेव्हा होडी हलत नाही. पाण्याच्या नजरेनं वाचलं की हा पेच प्रवासभर जाणवत राहतो.

लेखणी कोरडी आहे, ही तक्रार मला मान्य आहे. पण तोच कोरडेपणा इथे कामी येतो. टाक्या नासल्यावर माघार घ्यायची की पुढे जायचं, हा पुस्तकातला मोठा प्रश्न, आणि त्याचा निकाल लावायला नॉक्स-जॉन्स्टनला शौर्याचं एकही वाक्य लागत नाही. बेरीज जमते, आणि तो पूर्वेची वाट धरतो.