धूसरता आणि निर्णय

संदिग्धतेचा स्वीकार हे उत्तराधुनिक विचाराचे एक लक्षण मानले जाते. अभियांत्रिकीतील 'बुद्धिमान नियंत्रण' ह्या शाखेनेही संदिग्धतेला मानाचे स्थान दिले आहे. तेव्हा ही दोन्ही एकाच वृत्तीची अपत्ये होत, असे म्हणण्याचा मोह होतो. हे साम्य कोठवर खरे आहे, ते तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

बर्कली येथील लोत्फी झादे ह्यांनी १९६५ साली 'फझी', म्हणजे धूसर, संचांची कल्पना मांडली. 'उष्ण' आणि 'उष्ण नसलेले' ह्यांमध्ये कठोर रेषा न ओढता, वस्तू त्या वर्गात किती अंशाने बसते हे शून्य ते एक ह्यांमधील संख्येने सांगावे, हे तिचे सार. पुढे लंडनमध्ये एब्राहिम ममदानी ह्यांनी एक लहानसे वाफेचे इंजिन ह्या पद्धतीने चालविले. इंजिनाचे संपूर्ण गणित न मांडता, 'दाब फार कमी असेल, तर उष्णता पुष्कळ वाढवावी' अशा अनुभवी चालकाच्या बोलीतील नियमांवर त्यांनी भिस्त ठेविली. १९८७ साली सुरू झालेल्या जपानमधील सेन्दाईच्या भुयारी रेल्वेतही हेच तत्त्व योजिले गेले.

झां-फ्रांस्वा ल्योतार ह्यांचा उत्तराधुनिक स्थितीवरील ग्रंथ १९७९ चा. क्वेबेकच्या विद्यापीठ-परिषदेसाठी लिहिलेला तो ज्ञानविषयक अहवाल होता. सर्व ज्ञानाला एका छत्राखाली आणणाऱ्या महाकथनांवरील विश्वास उडाला आहे, हे त्यातील निदान. एका सर्वव्यापी सूत्राऐवजी अनेक स्थानिक नियम, एवढ्यापुरते साम्य आम्हांस मान्य आहे.

परंतु ते येथेच संपते. ममदानींच्या यंत्रात अनेक नियम एकाच वेळी अंशतः लागू होतात. तथापि अखेरीस त्या साऱ्यांचा मेळ घालून झडपेला एकच निश्चित आज्ञा द्यावी लागते. गाडी नेमक्या जागी थांबली की नाही, हे फलाटावरील प्रत्येकास दिसते. ल्योतार ह्यांना असा मेळच संशयास्पद वाटतो. मतभेद जागता ठेवणे त्यांना मोलाचे वाटते, आणि ज्ञानाला केवळ कार्यक्षमतेच्या मापाने मोजणाऱ्या व्यवस्थेवर त्यांचा रोख आहे.

हा भेद आमच्या समीक्षेने ध्यानी घ्यावा. 'कलाकृती अनेकार्थी आहे' एवढे म्हणून मूल्यनिर्णय टाळण्याची सोय हल्ली फार वापरली जाते. अध्यापकापुढे अर्धवट बरोबर उत्तरे नित्य येतात. तरी समासात एक आकडा त्याला लिहावाच लागतो. ल्योतारांची शंका समीक्षकाने अवश्य बाळगावी, दिलेला निर्णय पुन्हा तपासण्याची तयारीही ठेवावी. पण निर्णय द्यावयाचाच नाही, ह्याला आम्ही कर्तव्यच्युतीच म्हणू.